दुपारी सुरू होणारा दिवस

नयना चांदोरकरला तोक्योतल्या निशि-कासाईत येऊन सहा वर्षं झाली होती. त्यातली जवळजवळ सगळी तिने डबे भरण्यात घालवली. घरचे सकाळी दोन, आणि बेंतोच्या कारखान्यात दिवसाला सातशे-आठशे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येतं, आणि जपानी जेमतेम येत असेल तर त्या अठ्ठावीस तासांत भाताच्या चौकोनावर लोणच्याचा एक लाल मणी ठेवण्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. पुण्यात ती सदाशिव पेठेतल्या एका कायद्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकाकडे नऊ वर्षं मुद्रितं तपासत होती आणि शेवटच्या सूची बनवत होती, हे इथे कुणाला सांगितलं तर ‘सुगोई, भारीच’ म्हणून लोक मान हलवत आणि विषय बदलत.

फुमिको-साननी विषय बदलला नाही. वॉर्डाच्या सभागृहात शनिवारी परदेशी बायकांना फुकट जपानी शिकवणाऱ्या त्या पंच्याहत्तरीच्या बाई. ‘माझा पूर्वीचा व्यवसाय’ या विषयावर नयनाने अडखळत दहा वाक्यं म्हटली, तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, “म्हणजे इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी जी नावांची यादी असते, ती तुम्ही करता?”

“करायचे.”

“मग आमच्या घरी या. माझ्या नवऱ्याला एक हवी आहे.”

नवरा म्हणजे लेनर्ड ॲश्बी. वय चौऱ्याऐंशी. तिसाव्या वर्षी दोन वर्षांसाठी कॉलेजात इंग्रजी शिकवायला तोक्योला आले आणि राहिले. फुमिको-सानच्या वडिलांचा सोनेरी मासे पैदा करण्याचा धंदा होता. घरामागे सिमेंटच्या हौदांची रांग अजून होती. एकात मासे, बाकीच्यांत कुंड्या. पोटासाठी ॲश्बी इंग्रजी शिकवत, पण स्वतःला ते ब्रिटिश आरमाराचे इतिहासकार म्हणवत. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून नयनाही म्हणू लागली.

काम होतं त्यांच्या एकुलत्या एका गाजलेल्या पुस्तकाचं. चाळीस वर्षांनी इंग्लंडमधला एक छोटा प्रकाशक ते पुन्हा काढणार होता. नवी प्रस्तावना टाइप करायची, मुद्रितं तपासायची, नवी सूची करायची. महिनाअखेरीला सगळं पाठवायचं. त्यानंतर घर विकून दोघं लेकीजवळ चिबाला एका वृद्धनिवासात जाणार होती. सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “ते पुस्तक हातात घेऊन तिथे जायचंय. तिथल्या लोकांना कळलं पाहिजे की हा म्हातारा कुणीतरी होता.”

मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते तीन. नयना पुढे टोपली लावलेल्या सायकलवरून जाई. सेन्सेई सांगत, ती टाइप करे, फुमिको-सान चहा आणि सेंबेई, म्हणजे तांदळाची कुरकुरीत बिस्किटं, आणून ठेवत. मध्येच सेन्सेई आपल्या जातभाईंच्या गोष्टी सांगत. आरमाराचा इतिहास लिहिणाऱ्यांतले निम्मे कधी जहाजावर चढलेच नव्हते म्हणे. एकाने समुद्रावर पाच खंड लिहिले आणि तळ्यातल्या होडीतही त्याला उलटी व्हायची. एकाने घरात जहाजाची घंटा टांगली होती, आणि जेवायला ती वाजल्याशिवाय तो खुर्चीवर बसत नसे. शेवटी बायको घंटा घेऊन माहेरी गेली.

“आणि तुम्ही?” नयनाने विचारलं.

“तोक्योच्या खाडीतली फेरीबोट. वीस मिनिटं. फुमिकोने पिशवी धरली होती.”

एका शुक्रवारी नयनाने सेंबेईला हात लावला नाही.

“बरं नाही का?” फुमिको-साननी विचारलं.

“उपास आहे. चंद्र उगवला की सोडायचा.” मग सेन्सेईंनी भुवया उंचावल्या म्हणून तिला सगळं सांगावं लागलं. पुण्याहून सासूबाईंनी पाठवलेल्या कॅलेंडरवर संकष्टी गुरुवारी छापली होती. पण जपानात चंद्र साडेतीन तास आधी उगवतो. गुरुवारी इथे चंद्र वर आला तेव्हा तृतीयाच चालू होती. तिथी काही रात्री बाराला बदलत नाही, ती तिच्या वेळेला बदलते. त्यामुळे इथली संकष्टी शुक्रवारी. एदोगावा वॉर्डातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस भांडण चाललं होतं. तेजश्री नावाची एक बाई गणितं मांडून शुक्रवार सिद्ध करत होती, आणि निम्म्या बायकांनी भीतीपोटी दोन्ही दिवस धरले होते. सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या होत्या, “इथे ढळढळीत गुरुवार छापलाय, आणि तू मला चंद्र शिकवतेस?”

सेन्सेई इतके खूश झाले की उठून उभे राहिले. “मग खरं कोण?”

“दोघीही. त्यांची तारीख माझ्या घड्याळावर वाचली तरच कुणीतरी चुकल्यासारखं दिसतं.”

“नयना-सान, हेच मला पोरांना शिकवायला आख्खं सत्र लागायचं!” त्यांनी कागद ओढला. जुन्या काळी लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या रोजनिशीत, भर समुद्रावर दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा. सूर्य माथ्यावर आला की तारीख बदलली. म्हणजे जमिनीवर अकरा तारखेची दुपार असेल, तेव्हा जहाजावर बारा लागलेली. बाराची दुपार आधी, बाराची सकाळ नंतर. “फक्त नांगर टाकून बंदरात असलं की जमिनीचा दिवस. एवढं लक्षात ठेवायचं.”

नयनाने लक्षात ठेवलं. घरी आल्यावर मुलीला, मैथिलीलाही सांगितलं. तेरा वर्षांच्या मैथिलीने मान वर न करता “हेएऽ” म्हटलं आणि फोनमध्ये परत शिरली.

पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण होतं ‘रिकाम्या खडकाकडे होड्या’. नयना ते टाइप न करता नुसतं वाचायला बसली, कारण त्यात वेंगुर्लं होतं आणि तिच्या आईचं माहेर तिकडचं. सतराशे चौऱ्याण्णवचा ऑक्टोबर. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पहाटे एक व्यापारी जहाज फुटलं. एकोणीस माणसं खडकावर चढली. जवळच ‘पेट्रेल’ नावाचं छोटं ब्रिटिश जहाज नांगर टाकून होतं. त्यावरचा अधिकारी लेफ्टनंट जेम्स कार्न. त्याने वरिष्ठांना पत्र लिहिलं की त्याच दुपारी मी होड्या सोडल्या, पण लाटांनी जवळ जाऊ दिलं नाही; रात्रीत माणसं वाहून गेली. दोनशे वर्षं कुणी त्याच्यावर बोट ठेवलं नव्हतं. सेन्सेईंनी ठेवलं. लॉगबुकाप्रमाणे जहाज फुटलं अकराच्या सकाळी. बाराच्या सकाळी खडक रिकामा दिसला. आणि होड्या सुटल्या बाराच्या दुपारी. म्हणजे कार्न आख्खा दिवस बसून राहिला, माणसं मेल्यावर त्याने रिकाम्या खडकाकडे होड्या पाठवल्या आणि पत्रात खोटी तारीख घातली. प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, ‘समुद्राने एकोणीस माणसं नेली, अब्रू मात्र लेफ्टनंट कार्नने स्वतः बुडवली.’ या एका प्रकरणामुळे पुस्तकाची परीक्षणं आली होती. सेन्सेईंनी ती प्लास्टिकमध्ये घालून जपली होती.

सूचीच्या जुन्या पानावर होतं: कार्न, ले. जेम्स, भित्रेपणा, १८७, खोटी नोंद, १९१.

घर आवरायला निघालं होतं. जुने कागद बुधवारी सकाळी नेतात. वर्तमानपत्रं वेगळी, पुठ्ठे वेगळे, मासिकं-वह्या वेगळ्या, आणि प्रत्येक गठ्ठा सुतळीने उभा-आडवा बांधलेला. फुमिको-सान आदल्या दिवशी गठ्ठे बांधत आणि वर फुलासारखी गाठ मारत. नयना मदतीला बसे. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला कागद न वाचता बांधता येत नाही, त्यामुळे तिचा एक गठ्ठा होईतो फुमिको-सानचे चार होत.

त्या मंगळवारी तिच्या हातात एक हिरवी वही आली. पेन्सिलीने, घाईच्या अक्षरात, सेन्सेईंनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी लंडनला जाऊन उतरवून घेतलेलं ‘पेट्रेल’चं लॉगबुक. ओळीला ओळ, जसंच्या तसं. नयनाने ऑक्टोबर काढला. मथळा ‘११’. खाली दुपार, मग सकाळ: जहाज फुटलं, खडकावर माणसं. मथळा ‘१२’. लगेच पहिली ओळ, दुपार: होड्या सोडल्या, लाटांनी परत. त्याखाली सकाळ: खडक रिकामा.

तिने पुन्हा वाचलं. नांगर टाकलेला होता. पण बंदरात नव्हे, उघड्या समुद्रात. लिहिणाऱ्याने समुद्राचाच दिवस चालू ठेवला होता. बाराची दुपार म्हणजे जमिनीवरची अकराची दुपार. जहाज फुटल्यानंतर काही तासांतच होड्या सुटल्या होत्या. कार्न खरं बोलला होता.

मग हे चाळीस वर्षं दिसलं कसं नाही? कपाटात कार्डांचे खोके होते. लिहिताना सेन्सेई वही उघडत नसत, कार्डं पाहत. एका नोंदीला एक कार्ड, तारखेप्रमाणे लावलेली. प्रत्येक तारखेत आधी सकाळ, मग दुपार. शाळेतल्या कित्त्यासारखं सुबक इंग्रजी अक्षर. शनिवारच्या वर्गात फळ्यावरच्या इंग्रजी अर्थांत नयना तेच अक्षर पाहत असे.

तिने वही गठ्ठ्यात घातली नाही. सायकलच्या टोपलीत घातली.

“मग?” तिचा नवरा हेमचंद्र म्हणाला. तोयोसूच्या ऑफिसातून तो रात्री नऊला यायचा आणि जेवताना त्याला आयुष्यातले प्रश्न नको असायचे. “कार्न मेलाय ना?”

“दोनशे वर्षं झाली.”

“आणि तुझा म्हातारा जिवंत आहे. हिशोब सोपा आहे. त्याला पुस्तक घेऊन जाऊ दे ना सुखाने.”

“कार्नच्या वंशातली एक बाई पत्रं लिहायची त्यांना. कॉर्नवॉलमधली, शाळामास्तरीण. फाइल आहे. अकरा पत्रं. ‘आमच्या घरात त्याचं मूळ पत्र आहे, तो खोटं बोलणारा नव्हता, कृपया पुन्हा बघा.’ सेन्सेईंनी एकदाच उत्तर दिलं. एका ओळीचं. ‘बाईसाहेब, लॉगबुक खोटं बोलत नाही.’”

“तू ऑफिसातल्या माझ्या टेस्टरसारखी आहेस. रिलीजच्या आदल्या दिवशी बग काढते.”

“मग काय करता तुम्ही?”

हेमचंद्रने भाकरी मोडली. “शिव्या देतो,” तो म्हणाला, “आणि रिलीज थांबवतो.” मग घाईने, “पण ते सॉफ्टवेअर आहे गं.”

शुक्रवारी ती आधी फुमिको-सानकडे गेली. हौदाशी बसून त्या माशांना खाणं टाकत होत्या. नयनाने वही उघडून दोन पानं दाखवली, आणि दुपारी सुरू होणाऱ्या दिवसाबद्दल तिला जेवढ्या जपानीत सांगता आलं तेवढं सांगितलं. फार सांगावं लागलं नाही.

“सकाळ आधी असते,” फुमिको-सान हळूच म्हणाल्या. “मी सत्तावीस-अठ्ठावीसची... नाही, एकोणतीस. एकोणतीस वर्षांची होते. पोर पाठीला बांधून कार्डं लिहायची. इंग्रजी अर्धंच कळायचं. ह्यांच्या वहीत दुपार आधी, सकाळ नंतर. मला वाटलं, घाईत उलटसुलट लिहिलंय. मी नीट लावून ठेवलं.”

“त्यांनी तपासलं नाही?”

“माझं काम नीटनेटकं असतं म्हणून तपासत नसत. सगळ्यांना सांगायचे.” त्यांनी हाताला चिकटलेलं माशांचं खाणं झटकलं. “नयना-सान, पुस्तकही मीच टाइप केलं. दोनदा. सांगू नका. माझ्यासाठी नाही म्हणत. त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही.”

माझ्यासाठी नाही, हे नयनाने पूर्ण मानलं नाही. पण त्या वयाच्या बाईने मान खाली घालून केलेली विनंती मोडून आत जाणं तिला जमेना. ती म्हणाली, “मी स्वतःहून काढणार नाही.” आणि वही पिशवीत परत घातली.

आत सेन्सेई कोट घालून बसले होते. प्रस्तावना सांगायची असली की ते कोट घालत. फुमिको-सान चहा घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या निघून न जाता दाराशी बसल्या.

“घ्या,” सेन्सेई म्हणाले. “‘चाळीस वर्षांत या पुस्तकातली एकही तारीख कुणाला खोटी ठरवता आलेली नाही.’”

नयनाची बोटं कीबोर्डवर होती.

“घेतलंत?”

“नाही.”

“पुन्हा सांगतो. ‘चाळीस वर्षांत...’”

“ऐकू आलं, सेन्सेई. मला ते टाइप करता येणार नाही.”

सेन्सेईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. फुमिको-सान ट्रेकडे पाहत होत्या. पुढचे प्रश्न त्यांनी शिक्षकासारखे विचारले: कुठली तारीख, कुठलं जहाज, कशावरून. नयनाने वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. कार्डांबद्दल ती काही बोलली नाही.

त्यांनी वही भिंगाखाली धरली. अकराची सकाळ, बाराची दुपार. बोट एका ओळीवरून दुसरीवर गेलं आणि तिथेच राहिलं. वही न मिटताच ते म्हणाले, “आज इतकंच पुरे.” आणि ती दारात बूट घालत असताना, “मंगळवारी येऊ नका.”

चार दिवस नयनाने घर घासलं. मैथिलीने दोनदा विचारलं की काय झालंय, दोन्ही वेळा जपानीत, आणि दुसऱ्यांदा उत्तराची वाट पाहिली. “आईने एका आजोबांचं पुस्तक बिघडवलं,” नयना म्हणाली. हेमचंद्र म्हणाला, “बेंतोवाले परत घेतील तुला.” ते त्याने धीर द्यायला म्हटलं होतं.

बुधवारी सकाळी बाजारात जाताना ती मुद्दाम त्या गल्लीतून गेली. कोपऱ्यावर कचरा ठेवतात तिथल्या जाळीखाली जुन्या कागदांचे गठ्ठे होते. फुलाच्या गाठींवरून ॲश्बींचे कुठले ते लांबूनच कळत होतं. सहा होते. नयनाने सायकल लावली आणि जाळी उचलली. दुसऱ्याच्या कचऱ्यात हात घालणं या गल्लीत चोरीपेक्षा वाईट. समोरच्या बाल्कनीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. नयनाने खाली बसून गठ्ठ्यांच्या कडा पाहिल्या. हिरवी वही शोधत होती. वही गेली असेल तर संपलं. मग कार्न खोटारडा तो खोटारडाच.

वही कुठे नव्हती. सहाही गठ्ठ्यांत कार्डं होती. सगळी. चार हजार कार्डं.

ॲश्बींच्या खिडकीच्या काचेवर टकटक झाली. सेन्सेई आत उभे होते, अंगात कोट. त्यांनी हिरवी वही काचेला लावून दाखवली आणि आत यायची खूण केली.

“कार्डं फुमिकोनेच टाकली,” नयना बसल्यावर ते म्हणाले. “रात्री मला सांगितलं. कार्डं कुणी लिहिली, कशी लावली. कुणी लिहिली ते मला माहीत नव्हतं असं नाही. वही उतरवायला मीच तिला दिली होती, आणि नंतर ती पुन्हा उघडून पाहिली नव्हती. एकदाही. ती शाळामास्तरीण अकरा वेळा म्हणाली, पुन्हा बघा. उठून कपाट उघडायला दोन मिनिटं लागली असती.” त्यांनी घसा साफ केला. “घ्या. जुनी प्रस्तावना काढून टाका.”

नवी प्रस्तावना एका पानाची झाली. प्रकरण पुन्हा लिहायला वेळ नव्हता, प्रकाशक थांबायला तयार नव्हता. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं ठरलं की पान १८७ ते १९२ मध्ये लेखकाने एका सच्च्या माणसाला खोटारडा म्हटलं आहे, आणि ते कसं. शेवटचं वाक्य सांगताना सेन्सेई तीनदा अडले. त्यांना ते वाक्य चांगलं लिहिलेलं हवं होतं, आणि नयनाने तिसऱ्यांदा म्हटलं की साधंच राहू द्या. मग कॉर्नवॉलच्या त्या बाईंना पत्र, शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर. शेवटचं पत्र चौतीस वर्षांपूर्वीचं होतं. रजिस्टर करून पाठवलं.

सूची उरली. ‘भित्रेपणा, १८७, खोटी नोंद, १९१’ नयनाने खोडलं.

“तिथे काय घालू?”

“‘होड्या सोडतो, त्याच दुपारी.’ पान प्रस्तावनेचं. आणि वर A मध्ये मला घाला. ‘ॲश्बी, लेनर्ड, चूक.’”

“लेखक स्वतःला सूचीत घालत नाही, सेन्सेई. आमच्याकडे पुण्यात तर मुळीच नाही.”

“पुस्तकात ज्याने काही केलं तो सूचीत येतो. मी केलंय.”

नयनाने टाइप केलं. दाराशी कपबशा वाजल्या. फुमिको-सान आत आल्या, ट्रे खाली ठेवला आणि पडद्याकडे वाकून पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत ‘माझ्या पत्नीचे’ एवढंच होतं. नाव कुठेच नव्हतं.

“मलाही घाला,” त्या म्हणाल्या.

“फुमिको, तुझी चूक नव्हती ती,” सेन्सेई म्हणाले. “मी तपासायला हवं होतं.”

“चूक माझीच होती. सकाळ आधी लावली ती मी.” त्यांनी चष्मा चढवला. “आणि चार हजार कार्डंही मी लिहिली. तेही घाला.”

सेन्सेईंनी नयनाकडे पाहिलं. नयना आधीच टाइप करत होती: ॲश्बी, फुमिको, कार्डं लिहिली, ती उलटी लावली. मग तिने यादी वर्णक्रमाने लावायचं बटण दाबलं, आणि F हे L च्या आधी येत असल्यामुळे फुमिको-सान नवऱ्याच्या वर गेल्या.

फुमिको-साननी ते दोनदा वाचलं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि नयनापुढे सेंबेईची बशी सरकवली. “आज उपास नाही ना?”